पहिलाच जामा: कापड भिजवण्यापासून शिवजयंतीच्या नाटकापर्यंत

यंदा १९ फेब्रुवारीला आमच्या वाड्यावरच्या मंडळाने शिवजयंतीला ऐतिहासिक नाटक केले. त्यातल्या एका भूमिकेसाठी लागणारा सतराव्या शतकाच्या धाटणीचा जामा, म्हणजे बंदांनी बांधायचा पुरुषांचा लांब घेरदार कपडा, मी घरी शिवला. त्याआधी माझे शिवणकाम म्हणजे साडीला फॉल लावणे, बटण टाचणे आणि उशीचे अभ्रे. कोणी असे काही करायचे मनात आणत असेल आणि ‘आपल्याला मुंढासुद्धा कापता येत नाही’ म्हणून थांबले असेल, तर त्यांच्यासाठी हे सगळे सविस्तर लिहिते आहे. जाम्याला गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायला कापलेली गोलाई, नसतोच. मला हे आधी कोणी सांगितले असते तर दसऱ्यापर्यंतची माझी काळजी वाचली असती.

विषय निघाला चवथ झाल्यावर. विसर्जनानंतर आठवड्याभरात देवळाच्या मंडपात पहिली बैठक झाली. डिचोली तालुक्यातले आम्ही, त्यामुळे नाटकाला विषय शोधायला लांब जावे लागले नाही. नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ साली नव्याने उभारायला घेतले. शके १५९० चा तो शिलालेख आजही देवळाच्या दारावर आहे. मंडळातल्याच एका सरांनी त्या कामाभोवती दोन अंकी नाटक लिहिले. माझ्या धाकट्या दिराला बांधकामावर देखरेख करणाऱ्या कामगाराची, म्हणजे महाराजांच्या अधिकाऱ्याची, भूमिका मिळाली.

आमच्याकडे ऐतिहासिक नाटक म्हटले की ड्रेपरी भाड्याने आणायची, ही पद्धत. एका रात्रीचे भाडे, वर अनामत रक्कम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत. कपडे दिव्यांत उठून दिसतात, पण बहुतेक मखमल नाही तर साटिन, त्यावर जरीची लेस, आणि मागे चेन. सरांनी नाटकात इतक्या बारकाईने सनावळी सांभाळल्या होत्या, आणि चुनखडीच्या धुळीत उभा असलेला तो अधिकारी मखमलीत वावरणार, हे मला फार खटकले. मी म्हटले, भावोजींचा कपडा मी शिवून बघते. भावोजी लगेच म्हणाले, “वहिनी, मापे कधी देऊ?” त्यांच्या या उत्साहामुळेच मला मागे फिरायला जागा उरली नाही.

ऑक्टोबरचा महिना वाचण्यात आणि चित्रे पाहण्यात गेला. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात शनिवारी जात असे. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची. ओळखपत्र बरोबर ठेवा आणि मापे लिहायला स्वतःची वही न्या. वेशभूषेवरची पुस्तके मोठ्या आकाराची आणि महागडी असतात. ती विकत घेण्याआधी तिथे बसून चाळून बघावीत. घरी बसून पाहण्यासारखे पण बरेच आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या संग्रहात गोवळकोंडा शैलीतली सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली व्यक्तिचित्रे आहेत, त्यांत महाराजांचेही चित्र आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष जुन्या जाम्यांची छायाचित्रे सापडतात. चित्रात कपडा अंगावर कसा पडतो ते कळते. छायाचित्रात शिवण कुठे आहे ते दिसते. नवशिक्याने दोन्ही बघावे.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण माझा यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. बाजारात ‘ऐतिहासिक’ म्हणून जो अंगरखा मिळतो, छातीवर गोल कापलेला गळा आणि आतून दिसणारा पडदा, ती धाटणी नंतरच्या काळात जास्त दिसते. सतराव्या शतकातल्या दख्खनी आणि मुघल चित्रांत पुरुषांच्या अंगात मुख्यतः जामा आहे. एक पाख, म्हणजे पुढच्या भागाची एक बाजू, दुसऱ्या पाखेवर तिरकी येते, बगलेखाली बंदांनी बांधली जाते, कंबरेच्या वर शिवण आणि खाली कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्यांचा, घेर. आमचे नाटक १६६८ चे, म्हणून जामा ठरला. शिवायला तो अंगरख्यापेक्षा सोपाही आहे, कारण छातीवरची ती गोलाई टळते.

बांधायचा कुठल्या बाजूला, हा पुढचा प्रश्न. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त तकौचिया नावाच्या कपड्याची नोंद केली आहे. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत. अकबराने घेर गोल करायला आणि बंद उजवीकडे बांधायला सांगितले. पुढे मुघल अमलात मुसलमान उजवीकडे आणि हिंदू डावीकडे बांधत, असे जुने उल्लेख आहेत. आम्ही डावी बाजू धरली. म्हणजे घालणाऱ्याची उजवी पाख वर येऊन डाव्या बगलेत बांधली जाते. हे कापायच्या आधी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कापड उलटसुलट होते तेव्हा डावे कोणते आणि उजवे कोणते, याचा गोंधळ भल्याभल्यांचा होतो.

कापडासाठी दिवाळीनंतरच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले. जुने जामे पुष्कळदा तलम मलमलीचे असत, इतके की आतले अंग दिसावे. रंगमंचावर मागून प्रकाश आला की मलमलीतून बनियन दिसते. म्हणून हाताला जरा भरीव लागणारे साधे सुती कापड निवडले, मोतिया पांढरे, ४४ इंच पन्ह्याचे. मीटरला १८० रुपये पडले, साडेपाच मीटर घेतले. दुकानदाराला सांगून कापड दाराशी उजेडात नेले आणि दोन्ही हातांनी उभे-आडवे ताणून पाहिले. ज्या कापडाचे धागे सरळ दिसत नाहीत, ते कळ्यांना घेऊ नये. एकाच दिशेची नक्षी असलेले कापडही टाळावे. ते का, ते कळ्यांपाशी सांगते. सरावासाठी अडीच मीटर मांजरपाट घेतले, ७० रुपये मीटरचे. हा खर्च वाचवू नका.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी पिशवी उघडून बघितली आणि पहिले वाक्य म्हणाल्या ते हे: “अगो, कात्री लावायच्या आधी भिजव ते.” रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवले, सकाळी न पिळता सावलीत वाळत घातले. नोव्हेंबरातही आमच्याकडे हवेत ओल असते, वाळायला वेळ लागला. इस्त्रीनंतर मोजले तर साडेपाच मीटरचे जवळपास सव्वापाच झाले होते. शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात ते आटले असते, तर बाह्या मनगटावर चढल्या असत्या.

यंत्र सासूबाईंचे, पायाने चालवायचे, काळ्या रंगाचे. कित्येक वर्षे त्यावर कुंड्या ठेवलेल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने घरी येऊन तेलपाणी केले, पट्टा बदलला, ४५० रुपये घेतले. नवशिक्याला पायमशीन मला जास्त बरे वाटते. पाय थांबला की सुई थांबते, आणि वीज गेली तरी काम अडत नाही. सुती भरीव कापडाला १४ नंबरची सुई वापरली. मलमल असती तर ११ ची लागली असती. सुती दोरा, खडू, टाचण्या, मापाची टेप आणि एक फक्त कापडासाठीची कात्री हवी. कात्री घरात होती. बाकीचे सगळे मिळून दीडशे रुपये.

पहिले काही दिवस मी फक्त जुन्या चादरीच्या पट्ट्यांवर सरळ टीप मारली. खडूने रेघ ओढायची आणि रेघेवरून सुई जाऊ द्यायची. मग चौकोन, मग चौकोनाच्या कोपऱ्यात सुई कापडात रुतलेली ठेवून पाय उचलायचा, कापड फिरवायचे, पुन्हा पाय टाकायचा. या शेवटच्या सरावाचा उपयोग बगलेत होतो. तो हाताला बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मापांकडे वळते. जाम्याचे तुकडे बहुतेक सरळ रेषांचे आहेत: पाठ, दोन पुढच्या पाखा, दोन बाह्या, बगलेचे दोन चौकोन, आणि कळ्या. हातमागावरून उतरलेल्या कापडाचा चिंधीएवढा तुकडाही वाया जाऊ नये, अशा हिशोबाने ही बेतणी बसलेली आहे. कोट किंवा आजच्या ब्लाउजसारखी अंगाला घट्ट बसवायची नसल्यामुळे यात टक्स नाहीत, चेन नाही, बटण नाही, काज नाही. अंगाला आकार येतो तो बांधल्यावर. मापात अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे झाले, तर बंद ते सांभाळून घेतात. म्हणून माझे ठाम मत झाले आहे, की ज्याला पहिल्यांदाच काही मोठे शिवायचे आहे, त्याने आजच्या धाटणीच्या कपड्यापासून सुरुवात करू नये. अशा जुन्या बेतणीपासून करावी.

भावोजींची छाती ३८ इंच, कंबर ३२. सैलपणा धरून कंबरेच्या शिवणीशी पाठ १७ इंच, आणि दोन पाखा प्रत्येकी साडेपंधरा इंच, मिळून ४८. पाख जवळजवळ पूर्ण पोटावरून पलीकडे जाते, हे या मापावरून लक्षात येईल. छातीपाशी पाठ २० इंच ठेवली आणि बाजू कंबरेकडे थोड्या आत घेतल्या. शिवण छातीच्या फासळ्या संपतात तिथे, म्हणजे आपण कंबर मानतो त्याच्या थोडी वर. या सगळ्यात शिवणीसाठी प्रत्येक बाजूला अर्धा इंच जादा धरायचा.

कळ्यांचा हिशोब मला सगळ्यात आवडला. खालचा घेर नडगीच्या मध्यापर्यंत ३० इंच लांब हवा होता, शिवण आणि दुमड धरून ३२. कळी वर ५ इंच, खाली १७ इंच. ३२ इंच लांब आणि २२ इंच रुंद असा आयत घेतला, वरच्या कडेवर डावीकडून ५ इंचांवर आणि खालच्या कडेवर डावीकडून १७ इंचांवर खूण केली, आणि दोन्ही खुणा तिरक्या रेघेने जोडून कापले की दोन सारख्या कळ्या निघतात. एक सुलटी, एक उलटी. ४४ इंच पन्ह्यात असे दोन आयत शेजारी शेजारी बसतात, म्हणजे ३२ इंच कापडात चार कळ्या. बारा कळ्यांना ९६ इंच, साधारण अडीच मीटर. शिवणी जाऊन प्रत्येक कळी वर ४ आणि खाली १६ इंच उरते. बारा चोक ४८, बरोबर कंबरेच्या मापाइतकी. आणि खालचा घेर १९२ इंच, म्हणजे सोळा फूट. दोन कळ्यांतली एक उलटी निघते, म्हणून एकाच दिशेची नक्षी नको. नाहीतर एका कळीवर फुले वर बघतील आणि शेजारच्या कळीवर खाली.

डिसेंबरात मांजरपाटाचा नमुना केला. फक्त वरचा भाग आणि एक बाही, हाताने मोठे कच्चे टाके घालून. भावोजींना तो घालून हात वर करायला, वाकायला, तलवार उपसल्यासारखे करायला सांगितले. नमुना याच कामासाठी असतो. बगलेचा चौकोन आधी चार इंची धरला होता, हात वर केला की सगळा कपडा ओढला जात होता. तो साडेपाच इंची केल्यावर खांदा मोकळा झाला. जुन्या कपड्यांच्या वर्णनांत या तुकड्याला चौबगला म्हणतात. बाही सरळ चौकोनी तुकड्याची असते आणि अंगाच्या सरळ कडेला जोडली जाते. हात हलायला जी जागा आपण गोल मुंढा कापून काढतो, ती इथे हा चौकोन देतो. बाहीची लांबी हातापेक्षा चार-पाच इंच जास्त ठेवली आणि मनगटाकडे ती निमुळती केली, म्हणजे चुण्या पडतात. चित्रांत त्या चुण्या स्पष्ट दिसतात.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी खऱ्या कापडाला कात्री लावली. आदल्या रात्री झोप नीट आली नाही. सकाळी घरातल्यांचे चहापाणी आटोपून हॉलमधली फरशी पुसली, कापड पसरले, सगळ्या रेघा खडूने आखल्या आणि पुन्हा मोजल्या. सासूबाई खुर्चीवर बसून माझ्याबरोबर मोठ्याने आकडे म्हणत होत्या. कापताना प्रत्येक तुकड्यावर उलट बाजूला खडूने नाव लिहिले: पाठ, उजवी वर, डावी आत, बाही, कळी. संध्याकाळपर्यंत सगळे तुकडे घड्या घालून टोपलीत होते, आणि मला एवढे हलके वाटत होते की शिवण अजून पुढेच आहे, याचेही दडपण आले नाही.

शिवणीचा क्रम असा ठेवला. आधी खांदे. मग बाही उघडी ठेवूनच खांद्याला जोडायची. मग बगलेचा चौकोन: त्याची एक कड बाहीला, लगतची कड पाठीच्या भागाला, आणि उरलेल्या दोन तशाच पुढच्या बाजूला. इथे प्रत्येक टीप कोपऱ्यापासून अर्धा इंच आत सुरू करायची आणि पुढच्या कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबवायची, शिवणीचे कापड टिपेत सापडू द्यायचे नाही. कोपऱ्यात चुणी येते ती ते सापडल्यामुळेच. मी प्रत्येक कोपऱ्यावर आधी टिंब काढले, कच्चे टाके घातले, आणि मगच यंत्राखाली घेतले. पहिली बगल पूर्ण बसली त्या रात्री उशीर झाला होता, तरी मी भावोजींना हाक मारून उठवले आणि घालून बघायला लावले. मग बाहीच्या मनगटापासून बगलेतून कंबरेपर्यंत एकच लांब शिवण.

एक गोष्ट आधीच ठरवली होती. आत जाणाऱ्या शिवणी यंत्रावर, बाहेर दिसणारे सगळे टाके हाताने. सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट घेतले १८५१ साली. महाराजांच्या काळातला प्रत्येक कपडा सुईदोऱ्यानेच झालेला. पूर्ण हाताने शिवायला मला फेब्रुवारी पुरला नसता, पण गळपट्टी, बंद आणि खालची दुमड यांवर यंत्राची टीप मला नको होती. आतल्या कडा सुटू नयेत म्हणून एक बाजू थोडी कापून दुसरी तिच्यावर दुमडली आणि वरून दुसरी टीप घातली. धुताना दोरे निघत नाहीत, आणि उलट बाजूही स्वच्छ दिसते.

कळ्या जोडताना एक कड सरळ धाग्याची असते आणि दुसरी तिरकी. नेहमी एका कळीची सरळ कड दुसरीच्या तिरक्या कडेला लावायची. दोन तिरक्या कडा एकत्र आल्या तर ती शिवण पुढे लोंबते. सगळ्या कळ्या एकाच दिशेने लावल्या की एका टोकाला सरळ कड येते आणि दुसऱ्या टोकाला तिरकी. सरळ कड वरच्या, दिसणाऱ्या पाखेकडे ठेवायची. शिवताना तिरकी कड खाली आणि सरळ कड वर धरली, न ओढता, वरपासून खालपर्यंत. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री. हे कंटाळवाणे आहे, पण कच्च्या आणि पक्क्या शिवणकामातला फरक मला तरी यंत्रापेक्षा इस्त्रीत जास्त दिसला.

घेर वरच्या भागाला जोडण्याआधी दोन्ही कडांचे चार-चार सारखे भाग करून दोऱ्याने खुणा केल्या आणि खुणेला खूण लावली. जोडल्यावर अख्खा जामा दोन रात्री हँगरवर टांगून ठेवला. तिरक्या कडा आपल्या वजनाने खाली उतरतात, आणि हे उतरणे दुमड घालण्याआधीच व्हायला हवे. तिसऱ्या दिवशी भावोजींना स्टुलावर उभे करून जमिनीपासून सारखे अंतर मोजले आणि खडूने खूण करत गेले. काही कळ्यांना पाऊण इंच कापावे लागले. मग सोळा फुटांची तुरपाई. संध्याकाळी देवळात तालमी चालू असत, मी मंडपाच्या कडेला बसून संवाद ऐकत तुरपाई घालत असे. या कामाला घाई करू नये, आणि एका बैठकीत संपवायचा हट्टही धरू नये. बोटे दुखू लागली की टाके मोठे होतात.

तिरक्या पाखेची कड, खांद्यापासून बगलेपर्यंतची, ताणली की सैल पडते. म्हणून ती कापल्या कापल्या त्यावर एक बारीक धावदोरा घालून ठेवला होता. गळपट्टी तिरकी कापली नाही, सरळ धाग्याची कापली, तीच त्या कडेला धरून ठेवते. बंदांसाठी दोन इंची पट्ट्या चार पदरी दुमडल्या, अर्ध्या इंचाचे बंद झाले. आत उजव्या बाजूला एक जोडी, बाहेर डाव्या बगलेत दोन आणि कंबरेच्या शिवणीवर एक. बंद जिथे लावायचे तिथे आतून कापडाचा दुपदरी चौकोन ठेवा. ओढ तिथेच बसते, नुसत्या एकेरी कापडाला लावलेला बंद काही प्रयोगांत कापडासकट निघतो.

याच दिवसांत मंडळाची दुसरी धावपळ चालू होती. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करतात. वर्षातल्या मोजक्या सणासुदीच्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, पण आमचा दिवस त्यात बसेल यावर विसंबून राहणे शक्य नव्हते. पूर्वीसारखी पहाटेपर्यंत नाटके चालण्याचे दिवस गेले. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज, पंचायतीचा ना हरकत दाखला, जागेची परवानगी, सगळे जानेवारीतच दिले, तरी सही होऊन कागद हातात पडायला प्रयोगाच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबावे लागले. असे काही करणाऱ्यांनी अर्जाची पोच शिक्क्यासह घेऊन ठेवावी. ती दाखवली की पुढचे विचारणे सोपे जाते.

कपड्यांशी याचा संबंध असा, की नाटक पावणेसातला सुरू करून साडेनऊला संपवायचे ठरले, आणि दोन प्रवेशांमधला वेळ कमी झाला. भावोजींना मध्ये एकदा जामा उतरवून साध्या बाराबंदीत यायचे होते आणि पुन्हा जामा चढवायचा होता. बाहेरच्या दिसणाऱ्या बंदांच्या गाठी सुरगाठीच्या, एका ओढीत सुटणाऱ्या ठेवल्या. आतल्या जोडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, म्हणजे अंधाऱ्या विंगेत हाताला आणि डोळ्याला पटकन सापडावी. घरी घड्याळ लावून बदलायचा सराव केला. कंबरेचा पटका तीन मीटर सुती कापडाचा, १२० रुपये मीटरचा, त्याला फक्त दोन्ही टोके दुमडली. तो आधी अर्धवट घडी घालून गुंडाळून ठेवला की एकटा माणूसही बांधू शकतो. पगडी आणि सुरवार मात्र ड्रेपरीतूनच आणली. पगडी बांधणे हे वेगळे कसब आहे, आणि ते माझ्याकडे नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. दिवे लागल्यावर मी मंडपाच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले, कारण जवळून मला फक्त टाकेच दिसत होते. भावोजी वळले तेव्हा घेर त्यांच्यामागून अर्ध्या क्षणाने फिरला आणि शांतपणे बसला. साटिनचा कपडा असा वळत नाही, तो सळसळतो आणि चमकतो. त्यांच्या शेजारी गवंड्याच्या भूमिकेतले दोघे धोतरात होते, आणि पहिल्यांदाच असे वाटले की ही तिन्ही माणसे एकाच गावातली, एकाच काळातली आहेत. रात्री प्रयोग वेळेत संपला. नार्व्याहून आलेल्या एका आजोबांनी बाही हातात धरून बगलेतला चौकोन दोन बोटांनी चाचपला आणि म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या बाराबंदीला असाच तुकडा होता. सगळ्या कौतुकात मला हे सगळ्यात जास्त लक्षात राहिले.

खर्चाचा हिशोब विचारला जातो म्हणून देते. कापड ९९०, मांजरपाट १७५, सुया-दोरा-खडू १५०, यंत्राची दुरुस्ती ४५०, पटका ३६०. एकूण २१२५ रुपये. त्यातली यंत्राची दुरुस्ती पुढच्या कामांनाही उपयोगी पडेल. एका रात्रीच्या भाड्यापेक्षा हे नक्कीच जास्त आहे. पण जामा मंडळाकडे राहतो, बंदांमुळे छाती ३६ ते ४० पर्यंतच्या कोणालाही बसतो, आणि कळ्यांची खालची दुमड सोडून एक इंच लांबही करता येतो. भाड्याशी तुलना करायची तर ती पुढच्या दोन-तीन प्रयोगांनंतर करावी.

सांभाळण्याबद्दल थोडे. प्रयोगानंतर घामाचे कापड तसेच घडी करून ठेवू नका, त्याच रात्री वाऱ्यावर टांगा. हाताने, साध्या साबणाने धुवा, पिळू नका, कळ्या खाली सरळ करून सावलीत वाळवा. रंगमंचासाठी खळ घालायची असेल तर प्रयोगाच्या आदल्या दिवशी घाला आणि नंतर धुऊन काढा. खळ राहिलेल्या कपड्याला कसर लागते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही. मे महिन्यात एकदा ऊन दाखवून जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला आणि बंद मोकळे सोडा. मापांचा कागद मी जाम्याच्या घडीतच ठेवला आहे. मंडळातल्या आणखी दोघी पुढच्या वर्षासाठी कळ्या आखायला माझ्याकडे यायच्या आहेत, आणि त्यांना मी आधी मांजरपाट आणायला सांगितले आहे.